संत निकोलापर्यंत पस्तीस किलो

सोमवार, १५ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. वजन १३४. हा आकडा केवळ इतिहासासाठी लिहून ठेवतोय, कारण तो पुन्हा दिसणार नाही.

इंजेक्शन मिळालं. दिसायला पेनासारखं आहे. आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं. डॉ. रुझित्सा बराच वेळ बोलल्या. सुरुवातीचा डोस लहान, शरीराला सवय लागावी म्हणून. पहिल्या महिन्यात फारसं काही दिसणार नाही. मग हळूहळू वाढवायचा. मळमळेल. सावकाश जेवायचं, अंडी-मासे-कडधान्यं जास्त खायची, रोज चालायचं, नाहीतर चरबीबरोबर पायातली ताकदही जाते. तीन महिन्यांत सहा किलो गेले तरी मी खूश, म्हणाल्या. वीस किलो जायला वर्ष-दीड वर्ष. आणि औषध सोडलं की बरंचसं परत येतं.

मी मान हलवली. डॉक्टर लोकांना सावध बोलावंच लागतं, त्यांना सगळ्या प्रकारचे पेशंट बघायचे असतात. सहा किलोंसाठी कुणी पोटात सुई टोचून घेत नाही. माझं टार्गेट पस्तीस. मुदत १९ डिसेंबर.

कारणही लिहून ठेवतो. १९ डिसेंबरला आमच्या घरची स्लावा, म्हणजे कुळाचा वार्षिक सण. संत निकोला आमच्या घराण्याचे संत, पणजोबांच्याही आधीपासून. त्या दिवशी यजमानानं बसायचं नसतं. सकाळी मेणबत्ती लागल्यापासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभ्यानं वाढायचं. माझे वडील सत्तरीतही उभे राहिले. मागच्या वर्षी माशाचं सूप वाढताना माझ्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मी दाराजवळच्या जोडे घालायच्या स्टुलावर टेकलो. फक्त दम खायला. तेवढ्यात माझ्या मुलानं, ओग्न्येननं, हातातलं भांडं काढून घेतलं आणि उरलेला दिवस तोच उभा राहिला. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की आता स्लावा पोराला देऊन टाक. बापानं स्लावा दिली की पुढच्या वर्षीपासून ती मुलाच्या घरी, म्हणजे बेलग्रेडला, आणि बाप तिथे पाहुणा. एकदा दिली की परत घेता येत नाही.

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मी पाहुणा होणार नाही.

इंजेक्शनचं कुणाला सांगायचं नाही. आमच्या वाल्येवो गावात पुरुषमाणूस वजनासाठी सुया टोचून घेतो हे कळलं तर ड्रायव्हिंग स्कूलमधली माझी शिकाऊ पोरंही गिअर सोडून हसतील. देसांकालाही सांगायचं नाही. बायकोला एकदम रिझल्ट दाखवायचा. पेनं फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांमागे ठेवली आहेत.

मंगळवार, १६ सप्टेंबर

वजन १३४.२. काटा जुना आहे.

सोमवार, २२ सप्टेंबर

१३२.४. एका आठवड्यात दीड किलोच्या वर, आणि तेही सगळ्यात लहान डोसवर. डोस दुप्पट झाला की तीन किलो, चौपट झाला की सहा. बसून गणित मांडलं. संत निकोलापर्यंत पस्तीस सहज. असंच चालू राहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात माझं वजन शून्यावर येईल. आधी कुठेतरी थांबवावं लागेल. डॉक्टरांना विचारायचं.

अंगणात देसांका मिरच्या भाजत होती, वर्षाचा आयवार घालायचा होता. मीठ बरोबर आहे का बघ म्हणाली. पावाबरोबर बघावं लागतं. नुसतं बघितलं की मीठ कळत नाही. एक पाव संपला. चाखण्याला जेवण म्हणत नाहीत.

चालणं उद्यापासून.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सूट घेतला. गडद निळा, सेलमध्ये. तीन साइझ लहान. दुकानदार म्हणाला, साहेब, घालून तर बघा. मी सांगितलं, घालायला अजून वेळ आहे. त्यानं बिलावर ‘परत घेणार नाही’ असा शिक्का मारला. मारू दे. माणसानं परतीचे दोर कापूनच लढाईला निघावं.

पाऊस होता. चालणं जमलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

१३२.४. दोन आठवडे झाले, तोच आकडा. पण माझी हाडं वजनदार आहेत. वडिलांचीही होती. हाडांचं वजन वजा केलं तर परिस्थिती बरीच आशादायक आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

डॉ. रुझित्सांकडे गेलो. डोस वाढवला. वजन १३२. त्या म्हणाल्या, छान चाललंय. मला वाटतं त्यांना माझ्याबद्दल पहिल्यापासूनच फार कमी आशा होती.

चालता का, असं विचारलं. मी सांगितलं की माझा सगळा दिवस रस्त्यावरच जातो. गाडीत ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. गाडी कोण चालवतं, असंही विचारलं. शिकाऊ मुलं, मी म्हटलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

मळमळ. सकाळपासून. कोलुबाराच्या पुलाजवळ गाडी थांबवायला लावली आणि नदीकाठच्या झाडामागे जाऊन आलो. गाडी चालवणारी मुलगी रडवेली झाली. तिला वाटलं, तिच्या ब्रेक मारण्यामुळे झालं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. परत येताना ती इतकी जपून चालवत होती की मला डुलकी लागली. पुढच्या परीक्षेत ती नक्की पास होणार.

रात्री जेवलो नाही. देसांकानं विचारलं की काही बाहेर खाल्लंस का. एकतीस वर्षांच्या संसारात तिनं हा प्रश्न पहिल्यांदाच काळजीच्या सुरात विचारला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

माझ्या कूमच्या, म्हणजे तिहोमिरच्या घरी स्लावा. तो माझ्या लग्नातला साक्षीदार आणि ओग्न्येनचा धर्मपिता. असा माणूस आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वर. त्याच्या घरी ताटात काही टाकायचं म्हणजे संबंध तोडायचे.

सार्मा आली, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा. चार घासांत पोट गच्च. मग भाजलेलं डुक्कर आलं. तिहोमिरनं स्वतःच्या हातानं मानेजवळचा तुकडा वाढला, जो तो फक्त मलाच वाढतो. मी बघत बसलो. तोंडापर्यंत नेलं तर घसा बंद. शेवटी कुणी बघत नाही असं पाहून तुकडा रुमालात गुंडाळला आणि कोटाच्या खिशात ठेवला. घरच्या अन्नाचा मान राहावा म्हणून. तिहोमिरचा कुत्रा त्यानंतर माझ्या खिशाला नाक लावून बसला, उठेचना. तिहोमिर एकदा कुत्र्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

मला वाटलं आता बोलणार. पण तो काहीच बोलला नाही. निघताना दारात त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तिहोमिर असा माणूस आहे की स्वतःच्या आईच्या अंत्ययात्रेतही विनोद करत होता. याचा अर्थ एकच. फरक दिसायला लागला आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सासूबाई वरच्या मजल्यावरून आयवार न्यायला खाली आल्या होत्या. फ्रिजसमोर बराच वेळ वाकून उभ्या होत्या. मी चहा करत होतो. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता. मला म्हणाल्या, बस बाळा, मी करते चहा.

मला बाळा म्हणाल्या. एकतीस वर्षांत मला त्यांनी ‘तो’ म्हटलंय, ‘हा’ म्हटलंय, एकदा तर ‘तो बैल’ म्हटलंय. बारीक होत जाणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात आदर आपोआप येतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

गावाचं वागणं बदललं आहे. बेकरीतली बाई रांग मोडून मला आधी बोलावते. शेजाऱ्यानं माझ्या दारातला पाचोळा झाडला. तिहोमिरनं आठ वर्षांपूर्वी नेलेलं ड्रिल मशीन परत आणून दिलं, नवीन बिटसकट. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं सांगितलं, हवी तेवढी सुटी घे. सासूबाईंनी चर्चमध्ये माझ्या नावानं मेणबत्ती लावली. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाल्या, असंच.

वजन १३०. म्हणजे चारच किलो गेलेत. एवढ्यावर समाजात ही किंमत, तर पस्तीसवर काय होईल?

पँट सैल झाली आहे. पट्ट्याचं पुढचं भोक धरावं लागतं. देसांका ती पँट हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसली होती. बहुधा शिवून लहान करायचा विचार करत असावी.

ओग्न्येनचा रोज फोन येतो. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा, तोही गाडीच्या विम्याबद्दल. आता विचारतो, बाबा, झोप लागते का? मी सांगितलं, तीच तर एक गोष्ट नीट जमते.

रविवार, ३० नोव्हेंबर

तिहोमिरच्या अंगणात डुक्कर कापलं. दरवर्षीप्रमाणे चरबी मोठ्या कढईत घालून ढवळायचं काम माझ्याकडे. नाताळाआधीचे उपासाचे दिवस सुरू झालेत, पण डुकराला कॅलेंडर कळत नाही. आमच्या गावचे च्वार्त्सी, म्हणजे चरबी आटल्यावर उरलेले कुरकुरीत तुकडे, तंबाखूसारखे तंतू-तंतू निघतात. ते इतके हलके असतात की त्यांना मांस म्हणणंच चुकीचं. मूठभर खाल्ले. मग चव बरोबर लागली का याची खात्री करायला आणखी मूठभर.

हे बघून देसांका गोठ्याच्या आडोशाला जाऊन रडली. मी पाहिलं. बायकांना नवऱ्याचा निग्रह तुटलेला बघवत नाही. मी तिला सांगितलं की उद्यापासून पुन्हा कडक. तर आणखी रडली आणि म्हणाली, “खा रे. खावंसं वाटतंय ना, मग खा.”

मी गोंधळलो. पण आज्ञाधारकपणा हाही गुण आहे.

सोमवार, १ डिसेंबर

१३०.३. डुकराचा परिणाम. राहिले एकतीस किलो. दिवस थोडे कमी आहेत, पण मी दबावाखाली नेहमी चांगलं काम करतो.

बुधवार, १० डिसेंबर

सूट घालून बघितला. पँट गुडघ्यापर्यंत आली. कापड फार कडक आहे, कोणत्याही माणसाला अडलं असतं. कोटात एक हात गेला. दोन्ही हात एका वेळी जायला हवेत असं काही नाही, कोट खांद्यावर टाकूनही चालतो. ते जास्त रुबाबदार दिसतं.

रविवार, १४ डिसेंबर

जेवणानंतर देसांकानं हळूच विषय काढला. म्हणाली, यंदा पाव मोडल्यावर अर्धा ओग्न्येनच्या हातात देशील का? स्लावा द्यायची ती अशीच देतात, मेणबत्तीसमोर, अर्धा पाव मुलाच्या हाती. मी या घरात हा विषय बंद केला होता. ती कधी नव्हे इतक्या प्रेमानं बोलत होती, त्यामुळे मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, बघू.

‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे तिला एकतीस वर्षांत कळलं असेलच. तिनं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून बसली. विषय मिटला.

सोमवार, १५ डिसेंबर

आजचा डोस घेतला. मग डॉ. रुझित्सांकडे. वजन १२८.४. त्या हसल्या. अगदी अपेक्षेप्रमाणे, म्हणाल्या. मी विचारलं, चार दिवसांत एकोणतीस किलो जायला आणखी एखादा डोस घेतला तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. जवळजवळ दोन डोस घ्यायचे नाहीत, म्हणाल्या. उलट्या होतील, चक्कर येईल, अंगातलं पाणी जाईल, त्याहून वाईटही होऊ शकतं. कबूल करा. मी कबूल केलं.

लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात मी न थांबता चढून गेलो. त्यांनी विचारलं, गुडघे कसे आहेत? मी म्हटलं, गुडघ्यांचं काय, प्रश्न वजनाचा आहे.

गुरुवार, १८ डिसेंबर

आठवडा सात दिवसांचा असतो, हे डॉक्टरांनी ठरवलेलं नाही. त्यांच्याही आधीपासून ते तसंच चालत आलंय. माझ्यासारख्या खास केससाठी ते लागू पडेलच असं नाही. शिवाय मी ‘कबूल’ म्हटलं तेव्हा उद्या संत निकोला आहे, हे माझ्या नीट लक्षात नव्हतं.

आणखी एक पेन टोचून घेतलं. कालपासून काही खाल्लेलंही नाही. उद्या सकाळी बघूच.

ओग्न्येन आणि सूनबाई यास्ना संध्याकाळी आले. ओग्न्येननं दारातच मिठी मारली आणि सोडेना. मी म्हटलं, अरे, पोट सांभाळ. तो रडत होता. मुलगा बापाकडून प्रेरणा घेतो तेव्हा असं होतं.

शुक्रवार, १९ डिसेंबर, सकाळी

१२७.९. सूट कपाटात राहू दे. जुनी काळी पँट, पट्टा आणखी एक भोक आत. तोंड कडू. जमीन किंचित हलतेय. मेणबत्ती लागली. मी उभा आहे.

शुक्रवार, १९ डिसेंबर, दुपारी, स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या

इतके पाहुणे मी आयुष्यात पाहिले नाहीत. गेल्या दहा वर्षांत न आलेले नातेवाईक आलेत. लोक अंगणातही उभे आहेत. जो येतो तो माझा हात दोन्ही हातांत धरतो. सगळे म्हणतात, बस जरा, विदोसाव. मी बसलो नाही. माशाचं सूप वाढलं, बीन्स वाढल्या, अक्रोडाची उपासाची सार्मा वाढली, एकदाही टेकलो नाही. वास आला की पोट ढवळतं, तेव्हा श्वास रोखून वाढतो.

सकाळचा विधी फार सुंदर झाला. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, आम्ही सगळ्यांनी मिळून पाव फिरवला, त्यावर वाईन ओतली, मग मी तो मोडला. अर्धा माझ्या हातात होता, तेव्हा खोली एकाएकी फिरायला लागली. भिंतीवरच्या तसबिरीतले संत निकोला तिरके झाले. टेबल धरायला हात मोकळा हवा होता. उजवीकडे ओग्न्येन होता, म्हणून पाव त्याच्या हातात दिला. नुसता धरायला. ‘जरा धर’ म्हणायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर शब्दांऐवजी दुसरंच काही बाहेर आलं असतं.

ओग्न्येननं पाव दोन्ही हातांनी घेतला. माझ्या हाताचं चुंबन घेतलं. पाद्री थांबले, त्यांनी क्रूसाची खूण केली. सासूबाईंनी मोठ्यानं हुंदका दिला. तिहोमिर उठून बाहेर गेला. खोलीत एकही डोळा कोरडा नव्हता. मी टेबल घट्ट धरून उभा होतो.

बेलग्रेडला राहूनही पोराचे संस्कार टिकलेत. आणि मी अजून उभा आहे. सूप पुन्हा गरम करायला ठेवलंय.

शनिवार, २० डिसेंबर

काल संध्याकाळचं लिहितो. नको वाटतंय, पण लिहितो.

पाहुणे पांगले होते. घरचेच उरलो, आणि तिहोमिर. मी अजूनही उभाच होतो. दारापर्यंत शेवटच्या माणसाला पोचवून परत आलो तर यास्ना तो अर्धा पाव पांढऱ्या फडक्यात बांधत होती. मी विचारलं, हा कुठे चालला? ती म्हणाली, आमच्याकडे. पुढच्या वर्षीसाठी. संताची तसबीर कुठे लावायची ते भिंतीवर मापून ठेवलंय.

मी म्हटलं, कोणी दिला तुम्हाला?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग ओग्न्येन जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “बाबा, आता लपवू नका. आम्हाला सगळं माहीत आहे. आजीनं फ्रिजमध्ये बघितलंय. डॉक्टरांनी किती वेळ दिलाय तेवढं सांगा.”

मी म्हटलं, “वर्ष-दीड वर्ष.”

देसांकाच्या हातातली ताटली खाली पडली.

“वीस किलोंना,” मी म्हटलं.

मग सांगावंच लागलं. आयवारच्या बरण्या बाजूला केल्या, खोकं काढून टेबलावर ठेवलं. तिहोमिरनं चष्मा लावला, खोकं उलटसुलट केलं, वरचं सगळं वाचलं. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत.

“वजन कमी करायचं इंजेक्शन आहे हे,” तो म्हणाला. “बरं. मग सुरू कधी करतोयस?”

सासूबाई पहिल्या हसल्या. मग यास्ना. मग ओग्न्येन, डोळे पुसत. तिहोमिर हसता हसता खुर्चीवरून खाली पडला. म्हणाला, माझं ड्रिल मशीन परत दे.

देसांका हसली नाही. ती म्हणाली, “महिनाभर मी रोज पहाटे उठून आधी तुझा श्वास चालू आहे का ते बघते. तू सांगशील म्हणून वाट बघत राहिले. आणि तू वजन करत होतास.” आणि ताटलीचे तुकडे गोळा करायला खाली बसली.

मला फार वाईट वाटलं. इथे दुसरं काही लिहायचं नाही. मीही खाली वाकलो आणि तिच्याबरोबर तुकडे गोळा केले. वाकता आलं.

पावाचा प्रश्न राहिलाच. मी सांगितलं की मला चक्कर आली होती, मी नुसता धरायला दिला होता. तिहोमिर म्हणाला, मेणबत्तीसमोर दिलास, पाद्रींच्या साक्षीनं दिलास, अख्ख्या गावानं रडून पावती दिली. तुला चक्कर आली होती हे संताला कुणी सांगायचं? सासूबाई म्हणाल्या, गेल्या वर्षीच द्यायला हवी होती. त्या परत ‘तो’वर आल्या आहेत.

ओग्न्येननं फडक्यातला पाव उचलला आणि माझ्यासमोर धरला. “बाबा, परत घ्या. मला नको असा.”

असा नको म्हणाला, पण हात सुटत नव्हता. सकाळपासून त्यानं तो पाव कुणाला हात लावू दिला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. मी सूप वाढत होतो तेव्हा तो कोपऱ्यात पाव मांडीवर घेऊन बसला होता, आणि पाहुण्यांनी वाईन पुढे केली तर नको म्हणत होता. मला वाटलं होतं, त्याला गाडी चालवायची आहे.

मी पाव हातात घेतला. जड होता. देसांका दरवर्षी जडच करते. या वेळी खोली स्थिर होती, संत निकोला सरळ होते, आणि माझे दोन्ही पाय जमिनीवर होते. मी तो त्याच्या हातात पुन्हा दिला.

“ने,” मी म्हटलं. “नीट धर. चुरा पडतो.”

सोमवार, २२ डिसेंबर

डॉ. रुझित्सांकडे गेलो. गुरुवारचं सांगितलं. त्या चिडल्या, आणि बरोबरच चिडल्या. आजचा डोस नाही, पुढच्या आठवड्यापासून पुन्हा नीट, आणि यापुढे पेनं देसांकाच्या ताब्यात. देसांका शेजारीच बसली होती. तिनं हे दोनदा वदवून घेतलं.

वजन १२८. सहा किलो. डॉक्टरांनी सप्टेंबरात सांगितलं होतं तेवढेच, ना कमी ना जास्त. फार चांगलं आहे, म्हणाल्या. मला त्यांच्या आवाजात टोमणा शोधायचा होता, पण सापडला नाही.

त्यांनी विचारलं, स्लावेला उभं राहता आलं का? मी सांगितलं, सकाळच्या मेणबत्तीपासून शेवटच्या पाहुण्यापर्यंत. एकदाही बसलो नाही. गुडघे आज दुखतायत, पण एवढंच. हे बोलताना माझ्याच पहिल्यांदा लक्षात आलं की असं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मागच्या वर्षी सुपालाच संपलो होतो.

डॉक्टर म्हणाल्या, मग हेच तर हवं होतं ना तुम्हाला. पुढच्या वर्षी आणखी दहा-बारा किलो कमी असतील, तेव्हा तर दिवसभर नाचाल.

पुढच्या वर्षी मी बेलग्रेडला असेन, मी सांगितलं. मुलाच्या घरी. पाहुणा.

मग छानच, त्या म्हणाल्या, बसून राहता येईल.

आणि समोर येईल ते सगळं खावं लागेल, देसांका म्हणाली.

डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. म्हणाल्या, वीस किलोंना वर्ष लागेल, कदाचित दीड, घाई करू नका.

मी म्हटलं, आता कसली घाई.